बाबांचा फॉर्म सोळा

तापलेल्या प्लास्टिकचा वास मला आवडतो असं म्हटलं, तर तुम्ही मला वेड्यातच काढाल! पण खरंच आवडतो. लॅमिनेशनच्या यंत्रातून एखादा कागद हळूहळू बाहेर सरकत येतो, त्याच्या कडांना अजून ऊब असते, आणि त्या उबेतून एक उग्र, किंचित गोडसर गंध दरवळतो. तो आला, की लातूरच्या भर बाजारातही मला मुदखेडचं गफूरभाईंचं झेरॉक्सचं दुकान दिसू लागतं, आणि दुकानाच्या पायरीवर, प्रसाद घ्यावा तसे दोन्ही हात पुढे करून उभे असलेले माझे बाबा. कुणाला मोगऱ्याच्या गंधानं माहेर आठवतं, मला लॅमिनेशनच्या. ज्याचं त्याचं माहेर!

बाबा हमाल होते. मुदखेडहून रोज पहाटेच्या गाडीनं नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचे आणि दिवसभर पोती वाहायचे. त्यांना अक्षरओळख बेताचीच, पण कागदाविषयीचा आदर मात्र अपार. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद नावाची वस्तूच नव्हती, त्यांना एकेका दाखल्याचं मोल विचारावं! आमच्याकडे कागद हाती आला, की आधी तो लॅमिनेट करतात आणि मग वाचतात, अशी मी त्यांची थट्टा करते. माझी दहावीची गुणपत्रिका त्यांनी अशीच प्लास्टिकमध्ये बंद करून आणली होती. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तिच्या मागे शिक्का मारता येईना, तेव्हा कारकुनानं कपाळाला हात लावला होता.

पुढे मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवू लागले आणि काही वर्षांनी माझ्या हाती पहिला फॉर्म सोळा पडला. वर्षभरात पगारातून किती आयकर कापून सरकारजमा केला, याचा तो संस्थेनं दिलेला दाखला. स्टाफरूममध्ये सगळे तो पाहून चरफडत होते, म्हणून मीही रीतसर चरफडले, आणि सुटीत मुदखेडला गेल्यावर बाबांपुढे तेच रडगाणं गायला बसले. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी सरकार तुझ्याकडून पैसे घेऊन राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"हो ना, बाबा. न देऊन सांगते कुणाला!"

त्यांनी तो कागद माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "आजवर सरकारनं आपल्याला दिलं, बाई. रेशन दिलं, तुला स्कालरशिप दिली, व्हस्टेलात ठिवलं. आता आपुन सरकारला देऊन राहिलो. लई मोठी गोष्ट हाय माय ही." एवढं बोलून ते तडक गफूरभाईंकडे गेले आणि ऊन ऊन फॉर्म सोळा घेऊन परतले. मी नुसती ओशाळले.

तेव्हापासून दर जूनला फॉर्म हाती आला, की त्याची प्रत घेऊन मी लोह्यावरून जाणाऱ्या नांदेडच्या गाडीत बसते आणि पुढे मुदखेड गाठते. कागद लॅमिनेट होतो, आमच्या बुद्धविहारातल्या बैठकीत हातोहात फिरतो आणि मग पत्र्याच्या पेटीत जातो. गावाजवळचा नवा उड्डाणपूल झाला, तेव्हा बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "ह्याच्यात एखादी सळई माझ्या लेकीची असंल." आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचं ओझं वाहिलेल्या माणसाला त्या एका सळईची मालकी किती थोर वाटत असेल! करांविषयी मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली, पण माझ्या ध्यानात राहिली ती सळई.

आणि आता नियम बदलले. बदलले ते माझ्यासारख्यांच्या भल्यासाठीच, हे मी मोकळ्या मनानं मान्य करते. पूर्वी जानेवारी उजाडला, की आमच्या स्टाफरूमला पावत्यांचा ज्वर चढे. कुणी घाईघाईनं विम्याची पॉलिसी घेई, कुणी घरमालकाच्या मागे लागून वर्षाच्या भाडेपावत्या एका बैठकीत लिहून घेई, कुणी मुलांच्या फीच्या पावत्या शोधताना घर उपसून काढी. आणि इतका आटापिटा करूनही फेब्रुवारीचा पगार हाती येई तो अर्धामुर्धाच. नव्या पद्धतीत त्यातल्या बहुतेक पावत्या कुणी विचारत नाही आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. पगारदाराला तर पंचाहत्तर हजारांची वजावट वरून मिळते. घराच्या कर्जाचे मोठे हप्ते वगैरे असणाऱ्यांना जुनी वाट अजून मोकळी आहे. शिवाय नव्या कायद्यानं वर्षांचा घोळही मिटवला. कमाईचं वर्ष एक आणि तिच्या आकारणीचं वर्ष दुसरंच, हे कोडं बाबांना मी दर जूनला समजावत असे आणि ते दर जूनला म्हणत, "ह्या वर्साची भाकर फुडल्या वर्सी कशाला मोजायची?" यंदाच्या एप्रिलपासून एकच कर वर्ष आलं. कायद्याला शेवटी बाबांचं म्हणणं पटलं म्हणायचं!

तर असा आनंद उराशी धरून, पेढ्यांचा पुडा घेऊन मी या जूनमध्ये मुदखेडला गेले. फॉर्म सोळावरच्या कराच्या रकान्यात शून्य होतं. "बाबा, यंदा एक रुपयाही कर नाही!" मी दारातूनच ओरडले. बाबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. कागद हाती घेऊन त्या शून्यावरून बोट फिरवलं, आणि तो तसाच घडी घालून पेटीवर ठेवला. ते गफूरभाईंकडे गेले नाहीत. संध्याकाळी विहारात बैठक होती, तिथेही पाय दुखतात म्हणून गेले नाहीत.

सकाळी चहा पिताना त्यांनी हळूच विचारलं, "तुला काढून टाकलं का, बाई?"

"कुठून? नोकरीवरून? छे हो!"

"नोकरीवरून न्हाई गं. देणाऱ्यातून."

मला आधी हसू आलं, पण मग उमगलं. मी ज्याला सवलत म्हणत होते, ते माझ्या बापाला नाव कमी होणं वाटत होतं. ज्या एका कागदाच्या बळावर ते गावात ताठ मानेनं चालत होते, तो शून्य झाला होता; आणि पेढे वाटत आले होते मी! कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावंच लागतं, सरकारदरबारी माझं नाव आहेच, असं मी परोपरीनं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण ती माझं मन राखण्यासाठी, हे मला दिसत होतं.

"आपुन परत घेणाऱ्यातच आलाव की," ते म्हणाले.

तेव्हा मला जे खूप आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. कोनाड्यात त्यांची साबणाची वडी होती, शेजारी नवा टॉर्च होता. मी म्हणाले, "बाबा, या साबणावर कर असतो. टॉर्चवर असतो. पायातल्या चपलेवर असतो. किमतीतच धरलेला असतो, म्हणून दिसत नाही. तुम्ही मोंढ्यात होता, तेव्हाही असायचा. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, एवढंच."

"म्हंजी मीबी भरलाव?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

बाबांनी साबणाची वडी उचलून उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "कागुद कुठंय त्याचा?"

दुपारी आम्ही नांदेडला गेलो. त्यांची चप्पल झिजली होतीच. चपलेच्या दुकानात जोड पसंत झाला आणि दुकानदार सवयीनं म्हणाला, "काका, बिल कशाला करता? बिलाबिगर न्या, शंभर कमी करतो." एरवी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे माझे बाबा ताठ झाले. "न्हाई. बिल फाड. आन माझं नाव टाक त्याच्यावर." रोखीच्या बिलावर नाव लागत नाही, असं तो म्हणाला, तर बाबा म्हणाले, "मला लागतंय." नाव घातलेल्या बिलावरच्या कराच्या दोन ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या, एक केंद्राची, एक राज्याची. "दोघांनाबी दिलाव?" त्यांनी विचारलं, आणि कैक वर्षांत पाहिलं नव्हतं इतकं मोकळं हसले. असा करदाता मी तरी दुसरा पाहिला नाही!

परतताना गफूरभाईंचं दुकान. त्यांनी बिल उजेडात धरून पाहिलं आणि यंत्र चालू करता करता थांबले. "भाऊ, ह्यो मशीनचा कागुद हाय. तापला की समदा काळा पडतो. आधी झेरॉक्स काढू, मग करू." केवढा घात टळला! झेरॉक्स निघाली. बाबांनी खिशातून माझा घडी घातलेला फॉर्मही काढला. "ह्योबी कर. शून्य असंल, पर नाव हाय लेकीचं."

दोन्ही कागद एकामागून एक बाहेर आले, आणि तो ओळखीचा उग्रगोड गंध दुकानभर झाला. घरी आल्यावर बाबांनी पेटी उघडली. यंदाचा माझा फॉर्म त्यांनी नेहमीप्रमाणे गठ्ठ्याच्या वर ठेवला. आपलं बिलही त्यावरच ठेवतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी माझ्या सगळ्या वर्षांचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला आणि ते बिल सर्वांत खाली, पेटीच्या तळाशी ठेवलं.

"ह्यो पयला हाय," ते म्हणाले.

बिल अजून कोमट होतं.