चार बोटांचं पातं

मामा आयुष्यात कधी विमानात बसला नाही. लिफ्टमध्ये चढायचा, पण उजवा हात खिशात घालून. नाटक-सिनेमाला गेला तर दाराजवळची खुर्ची. लोक म्हणत, म्हातारा विक्षिप्त आहे. मीही म्हणत असे, आणि वर दोन नकला करून दाखवत असे.

आमच्या नाटक मंडळीत तो बत्तीस वर्षं पडदे ओढायचा; सगळे त्याला मामाच म्हणत. मी राजांची कामं करायचो, म्हणून तो मला आजही 'महाराज' म्हणतो. खरं तर राज्य त्याचंच होतं. एका घंटेला राजवाडा वर, दुसऱ्या घंटेला अरण्य खाली. विंगेतल्या अंधारात वीस दोऱ्या, आणि कुठली कशाची हे त्याच्या तळहाताला पाठ. खिशात एक घडीचा चाकू, शिंगाच्या मुठीचा, पातं जेमतेम चार बोटं. त्या चाकूने तो दोऱ्यांची टोकं छाटायचा, सफरचंद सोलायचा, माझ्या खोट्या दाढीचा गुंता कापायचा.

त्याची मुलगी परिचारिका आहे. आई गेल्यावर बाप घरात नुसता येरझारा घालतो हे तिला बघवेना. तिने सहा दिवसांची जहाजाची सहल ठरवली. "काका, तुम्ही चला," ती मला म्हणाली, "तुम्ही असलात की ते नाही म्हणणार नाहीत." आम्हा दोघांना एक खोली, समोरची तिची.

निघताना तिने बजावलं होतं, "बाबा, चाकू घरी ठेवा."

"ठेवला."

ठेवला होता, पण चपलेच्या तळाच्या दोन थरांमध्ये! नाटकातली चोरीची पत्रं आम्ही तशीच लपवायचो. प्रेक्षकांना कधी दिसली नाहीत. बंदरावरच्या यंत्राला मात्र चाकू लगेच दिसला. पहारेकऱ्याने चप्पल उसवली, चाकू उघडून पट्टीने मोजला आणि डोकं हलवलं.

"आजोबा, एवढ्याशा चाकूला आमची हरकत नसते. ट्रेमध्ये काढून ठेवला असतात तर मोजून परत दिला असता. लपवलात, म्हणून आता जप्त. सहल संपली की न्या."

रांगेत मागे हशा पिकला. मुलगी कानापर्यंत लाल झाली. "बाबा, तुम्ही म्हणजे ना!" मामा एक पाय चपलेत आणि एक पाय अनवाणी असा उभा होता. हसला नाही.

खोलीत शिरल्या शिरल्या त्याने खिडकी चाचपली.

"महाराज, ही उघडत नाही."

"उघडली तर समुद्र आत येईल, मामा."

"मग आपण बाहेर कसे जाणार?"

"दारातून. माणसं जातात तसे."

"दार आपोआप लागतं. बघितलंत का तुम्ही?"

त्याने दार चार वेळा उघडून पाहिलं. चारही वेळा ते सावकाश, मऊपणे येऊन लागलं. मग तो जो बाहेर पडला तो संध्याकाळपर्यंत डेकवर फिरत राहिला. लोक आडवे पडून ऊन खात होते आणि हा त्यांच्या पायांमधून हरवल्यासारखा चालत होता. उजवा हात खिशात जायचा, रिकामा बाहेर यायचा.

"पायाला भिंगरी लागलीय का हो तुमच्या?" मुलगी वैतागली. "बसा ना जरा! सगळं जग बसलंय."

"बसतो गं. एवढी फेरी झाली की बसतो."

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर एक निवृत्त बँकवाले आणि त्यांची बायको होती. मामा सूपमध्ये चमचा नुसता फिरवत होता. मुलीचा चेहरा उतरलेला. म्हटलं, आपणच जरा रंग भरावा. चार माणसं समोर बसली की मला आजही राहवत नाही. मी माझी हुकमी गोष्ट काढली.

"तिसरा अंक. मी सिंहासनावर, मोठं भाषण चालू. मागे या मामाची दोरी तुटली आणि अख्खा राजवाडा घडी होऊन याच्याच अंगावर! प्रेक्षकांना वाटलं, मागचा देखावा बदलला. माझं भाषण चालूच. तेवढ्यात राजवाड्याच्या भिंतीतून चाकूचं टोक निघालं. भिंत टर्रकन फाटली आणि त्यातून बाहेर आलं मामाचं डोकं! मी काय म्हणावं? 'प्रधानजी, राजवाड्यात दारातून यायचं असतं!' थिएटर डोक्यावर घेतलं हो लोकांनी!"

बँकवाले ठसका लागेपर्यंत हसले. मुलगी हसली नाही. तिने गोष्ट पहिल्यांदाच ऐकली होती.

"काका, किती वेळ होते आत?"

"अं?"

"ते कापड रंगाचे थर बसून ताडपत्रीसारखं झालेलं असणार. त्यातून श्वास येत नाही. किती वेळ?"

चाळीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी मनात भाषण म्हणून पाहिलं. सहा पानांचं होतं. दोरी तुटली तेव्हा मी पहिल्या पानावर होतो, डोकं बाहेर आलं तेव्हा शेवटच्या. मागे धपधप आवाज येत होता, म्हणून मी माझा आवाज चढवला होता.

"बराच वेळ," मी म्हणालो.

"जाऊ दे गं," मामा म्हणाला. "महाराज छान सांगतात." आणि उठून डेकवर गेला.

त्या रात्री मुलीने आमच्या खोलीच्या दारात खुर्ची अडकवून ठेवली. मामा तरीही बाहेरच्या पॅसेजमध्येच बसून राहिला.

सकाळी जहाज पहिल्या बंदराला लागलं. मामा पिशवी घेऊन शिडीपाशी उभा होता. कालचाच पहारेकरी.

"आजोबा, कायमचं उतरणार असाल तर चाकू देतो. संध्याकाळी परत चढणार असाल तर नाही."

"कायमचं."

मुलगी धावत आली. मामाने मान खाली घातली.

"तू रहा, बाळ. एवढ्या हौसेने आलीस. मला नाही जमत."

"मला सांगितलं का नाहीत कधी?"

"काय सांगू? सगळे हसायचेच ती गोष्ट ऐकून. मीही हसायचो."

तिने नाक पुसलं. "एकटी राहून काय करू मी इथे? लाटा मोजू? थांबा, पिशवी घेऊन येते."

मामाने सही करून चाकू घेतला. उघडला नाही. खिशात टाकला आणि हात तिथेच राहू दिला.

"मामा," मी म्हणालो, "त्या दिवशी मला आवाज आला होता. तू हातपाय आपटत होतास."

"माहीत आहे, महाराज. मला तुमचा येत होता." त्याने माझ्या दंडावर थोपटलं. "पण मध्येच भाषण तोडून कसं चाललं असतं? लोक तिकीट काढून आले होते."

टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला ते मनापासून तसंच वाटत होतं.

"मीही येतो," मी म्हणालो.

"तुम्ही कशाला? दोन खोल्या आहेत, मजा करा. तिघांचीही सहल वाया नको जायला."

मुलगी पिशवी घेऊन आली. दोघं शिडी उतरली, मी वर कठड्याशीच राहिलो.

"बस किती वाजता आहे?"

"विचारू. अख्खा दिवस लागेल, बाबा."

"लागू दे. खिडकी माझी."

"तुमचीच. पण ऊन आलं म्हणून कुरकुर करायची नाही, सांगून ठेवते."

धक्क्यावर पाय टेकताच मामा असा भराभर चालायला लागला की तिला मागून पळावं लागलं.