अर्ध्या ताटाची फिर्याद

त्या म्हाताऱ्याची फिर्याद आजही आठवते. महाराजांची कारकीर्द होती आणि मी कोल्हापुरात नवा फौजदार होतो. सकाळी म्हशी पेठेत यायच्या, लोक समोर पिळलेलं दूध उभ्यानं प्यायचे. मीही पिऊनच ठाण्यात जायचो. ते दिवस फार चांगले होते.

एकदा एकानं ठाण्यात बातमी आणली, की त्याच्या शेजारच्या, पागेतल्या जुन्या मोतद्दाराला त्याची सून उपाशी मारते आहे. दोन महिन्यांपूर्वी झटका येऊन म्हाताऱ्याचं डावं अंग लुळं पडलं होतं. मी घरी जाऊन जबाब घेतला.

"ही डावं-उजवं करती, सायब. लेकाला भाकरी, मला नुसता भात. मीठसुदीक वाढत न्हाय."

हयात घोड्यांच्या सेवेत घालवलेला सचोटीचा माणूस, अंगावरचं मांस उतरलेलं. मी विश्वास ठेवला. सुनेला ठाण्यात आणून दुपारपर्यंत उभं केलं, चांगलं दरडावलं.

"भाकरी जाते कुठं?"

"ताटातच ऱ्हाती की. मग म्हशीला जाती."

नवरा बाहेर बसला होता. तिला कायमची मलकापूरला माहेरी धाडायचं त्यानं ठरवलंच होतं.

पण भुकेला माणूस भाकरी टाकेल कशाला? दुसऱ्या दिवशी मी न कळवता ऐन जेवणाच्या वेळी गेलो. सुनेनं माझ्यादेखत वाढलं. उजवीकडं भात-आमटी, डावीकडं भाकरी, खर्डा, मीठ. म्हाताऱ्यानं भात संपवला आणि हात थांबवला.

"बघितलंसा? भाकरी न्हाय."

भाकरी त्याच्या पुढ्यातच होती. मी ताट अर्धं फिरवलं.

"आत्ता वाढली व्हय," तो सुनेवर करवादला, "फौजदार आल्यावर?"

मग त्याच्याच उजव्या हातानं दोन-तीनदा ताट फिरवायला लावलं. भाकरी येत होती, जात होती. म्हातारा रडायला लागला.

डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे, पण अशा झटक्यानंतर काहींना डावी बाजू आहे याचं भानच राहत नाही. जेवताना ताट फिरवून द्या. नवऱ्यानं खाली मान घालून माहेरचा विषय सोडला.

मी अहवाल त्या घरच्यांना वाचून दाखवला. सुनेचा दोष नाही, म्हातारा खोटं बोलला नाही. मी स्वतःवर खूश होतो.

"आन् मला ठाण्यात उभं केलंसा," सून म्हणाली, "ते कुठं लिवलंय?"

ते लिहिलं नव्हतं. माणूस खरं बोलत असला तरी त्याला अर्धंच दिसत असेल, हे मी त्या घरात शिकलो, आणि त्यात मीही आलो. माफी मागायचा धीर तेव्हा झाला नाही. आज लिहितो, बाई, माझी चूक झाली. तिला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे.