भिंतीवर राहिलेला शब्द

ओल्या गेरूचा वास आला की मला ताईचं लग्न आठवतं. मी बारावीला होते आणि आमच्या कुडाच्या भिंतीवर इंग्रजीतले अवघड शब्द खडूने लिहून ठेवायचे. अर्थ पाठ झाला की शब्द पुसायचा. लग्नासाठी आई भिंतीला गेरू लावायला निघाली आणि मी भिंतीआड उभी राहिले, कारण परीक्षा तोंडावर होती. "येतो तो बोल, मी पुसते," आई म्हणाली. मी घडाघडा अर्थ सांगत गेले, तिचा हात फिरत गेला. ‘मेलँकली’पाशी मात्र मी अडले. "हा नाय झाला तुझा, राहू दे," म्हणत तिने भोवतीने गेरू लावला. दुसऱ्या दिवशी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं आमचं वारली चित्र, लिहायला आलेल्या बायांनी त्या शब्दालाही तांदळाच्या पिठाची छान वेल काढली. त्याच भिंतीपुढे नवरा-नवरी बसले. "हे काय लिवलंय गं?" नवरदेवाने विचारलं. एव्हाना तो शब्द माझा पाठ झाला होता. मी ठणकावून सांगितलं, "खोल उदासी!" सगळं घर हसलं, सगळ्यांत मोठ्याने ताई. आता मी खोडाळ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवते. हा शब्द आला की मुलं अर्थ विचारतात, आणि मला काही केल्या हसू आवरत नाही.