खाडीच्या तोंडावरची फुली

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा मी विकत आणला, तेव्हा घरात मला वेड्यात काढलं गेलं. "भिंतीला रंग द्यायचा सोडून जुने कागद चिकटवा," असं बायको म्हणाली. मी मात्र आठ दिवस भिंग घेऊन त्यावर पालथा पडलो होतो. मंडणगडचे डोंगर सुरवंटांसारखे रेखलेले. संगमेश्वरला महामार्ग नाही, नद्यांचा संगम मात्र हुबेहूब. हे सगळं कोणीतरी साखळीने मोजत पायी फिरलं होतं, याच कातळावरून, याच उन्हात. त्या माणसाच्या पाया पडावंसं मला खरंच वाटलं.

नकाशाच्या कोपऱ्यात दाभोळ खाडीच्या तोंडाचा वेगळा, मोठा आराखडा होता. तो प्रत्यक्ष ताडून बघायला मी दाभोळला गेलो. बंदरावरच्या चहावाल्याने जाळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांकडे बोट दाखवलं. एकेकाळचे तांडेल, म्हणजे बोट नेणारे मुख्य खलाशी. चाळीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या हातून सासऱ्यांची बोट खाडीच्या तोंडाशी फुटली. माणसं वाचली. पाण्याखाली खडक होता, असं चाचा सांगत राहिले. बाकीचे म्हणाले, तिथे नुसती वाळू आहे, तांडेलाला डुलकी लागली. पुन्हा कोणी त्यांच्या हाती सुकाणू दिलं नाही. हे सगळं चहावाल्याने मला हसत हसत सांगितलं, आणि मला त्याचा रागच आला.

चाचांच्या ओट्यावर मी नकाशा उलगडला. त्यांनी तो लगेच फिरवून समुद्र स्वतःच्या बाजूला घेतला.

"चाचा, आडवा धरलात," मी शहाणपणा केला. "वर उत्तर असते."

"आमी दर्यातून घरी येतो," ते म्हणाले. "किनारा समोर दिसतो. तसाच धरायचा ना?"

इतकी वर्षं मी नकाशे गोळा करतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

त्यांचं बोट दर्यातून आत निघालं. उजवीकडचा किल्ला आणि डावीकडची टेकडी बघत, भरतीच्या पाण्यात असल्यासारखं सावकाश. एका जागी ते थांबलं. "इथं लागली." अक्षरं त्यांना दिसत नव्हती. मी भिंग धरलं. बोटाच्या टोकाशी मुंगीएवढी फुली होती आणि शेजारी इंग्रजीत लिहिलं होतं: पाण्याखालचा खडक.

दोरीला शिशाचं वजन बांधून कोणीतरी नेमक्या त्याच जागी तळ चाचपला होता, चाचांच्या आजोबांच्याही आधी. सरकत्या वाळूने खडक कधी झाकला, कधी उघडा पाडला असेल, पण कागदावर तो तसाच होता.

मी वाचून दाखवलं. चाचांनी आत हाक मारली. चाची बाहेर आल्या. फुटलेल्या बोटीच्या मालकाची मुलगी. "परत वाचा," चाचा मला म्हणाले. मी परत वाचलं. चाची हळूच खाली बसल्या.

"अब्बा जाईपर्यंत मला विचारत व्हते, तो झोपला व्हता काय," त्या म्हणाल्या. "मी काय बोलले नाय."

"तुला काय वाटायचां?" चाचांनी नकाशावरून नजर न काढता विचारलं.

"झोपलात, असांच वाटायचां."

चाचांनी मान हलवली.

"मलापण," ते म्हणाले. "आताशा मलापण तसांच वाटाया लागला व्हता."