बाहेरच्या पत्त्याला लाल दोरा

ईशा, निखिल,

गेल्या रविवारी फोनवर ईशा म्हणाली, "आजी, तुला नाही कळायचं. आम्ही संगणकाच्या कर्नलमध्ये पत्त्यांना खुणा लावतो. बाहेरून आलेला पत्ता न तपासता वापरला, की कंपायलरच अडवतो." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मला कळलं होतं. "तुला नाही कळायचं" हे वाक्यही मी आधी ऐकलेलं होतं. तेव्हा ते मायेनं म्हटलेलं नव्हतं. तुमच्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते.

सोलापूर. सत्तरचं दशक उतरणीला लागलेलं. संगणक केंद्राची खोली. मी तिथं प्रोग्राम लिहायचे. पुण्याहून आलेले चार पाहुणे खुर्च्यांवर. मशीन बंद पडलेलं, त्याचे दिवे जागच्या जागी थिजलेले. केंद्राच्या साहेबांनी तिथंच एक कागद खरडला आणि माझ्यापुढे सरकवला. इंग्रजीत. माझ्या निष्काळजीपणामुळे मशीन बंद पडले, अशा अर्थाचा. खाली सहीपुरती जागा.

"करा सही." मग पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आई गिरणीत सुताच्या कांड्या भरते हो यांची. आपण घेतलं वर. पण हात तेच राहतात."

एक पाहुणा हसला. बाकीचे चहाच्या कपात बघत राहिले.

चूक माझी नव्हती. कुणाची होती, ते साहेबांना ठाऊक होतं.

आमच्या मशीनमध्ये मूळ कारभार बघणारा एक प्रोग्राम असायचा. ईशा, तुझा कर्नल तो हाच. लोक खिडकीतून आपली भोकं पाडलेली कार्डं द्यायचे. सांगोल्याच्या पावसाचे आकडे, कॉलेजांचे निकाल. त्यांचा प्रोग्राम कर्नलला सांगायचा, पुढचं कार्ड वाच आणि मशीनच्या स्मरणातल्या या पत्त्यावर ठेव. तो पत्ता चुकीचा असला, तर कर्नल स्वतःच्याच अंगावर लिहायचा, स्वतःच्या सूचना पुसायचा आणि मशीन मरायचं. आठवड्यातून दोनदा तरी.

उपाय मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात सापडला नाही. गिरणीतल्या आईच्या खात्यात सापडला. बाहेरून रंगवून आलेल्या सुताच्या लडीला तिथं लाल दोरा बांधत. लडी पाण्यात बुडवायची, रंग सुटत नाही हे बघायचं, मगच दोरा तोडायचा. दोरा असलेली लडी मागावर चढत नसे. लहानपणी डबा घेऊन गेले, की आई म्हणायची, "एक लडी रंग सोडती, सगळी चादर नासती बघ. लडी कुणाची हाय ते इचारायचं न्हाई. भाहेरची हाय का, येवडंच बघायचं."

कंपायलर, म्हणजे आम्ही लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, आम्हीच लिहिलेला, छोटासा. मी त्याला दोरा शिकवला. कार्डावरच्या एका रकान्यात एक अक्षर. ते अक्षर असलेला पत्ता तपासणीतून गेल्याशिवाय कर्नलनं वापरला, तर कंपायलर प्रोग्राम नाकारायचा आणि चुकीची ओळ छापायचा. तीन महिने मशीन एकदाही पडलं नाही.

मग साहेबांनी स्वतः लिहिलेला कर्नलचा भाग आला. कार्ड वाचण्याचा. त्यात तपासणी नव्हती. कंपायलरनं तो नाकारला. कागदावर ओळ छापून आली, वर साहेबांचं नाव.

"ही खूण माझ्या कार्डांवर?"

"साहेब, खूण माणसाला नाही. पत्त्याला आहे."

"तुला नाही कळायचं. खुणा कुणाला लागतात, ते मला शिकवू नकोस."

मला कळलं. दसऱ्याला मशीनची पूजा होती, तेव्हा त्यांनी मला पंचिंगच्या खोलीत बसवलं होतं. नोकरीला घेताना आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली वस्ती. मला जन्मापासून दोरा बांधलेला होता. कुठल्याही पाण्यात बुडवलं, तरी तो कुणी तोडत नव्हतं. आणि या माणसाला वाटत होतं, आपल्याला पाण्याची गरजच नाही.

साहेबांनी जुना कंपायलर चढवायला लावला, माझ्या दोऱ्याच्या आधीचा. त्यातून त्यांचा भाग पार झाला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. एकानं स्वतःची कार्डं दिली. त्यात पत्ता चुकला होता. कर्नलनं तो तपासला नाही. मशीन मेलं.

आणि आता माझ्यापुढे तो सहीचा कागद.

मी पेन उघडलंसुद्धा होतं. हे लपवत नाही. घरात पगार माझाच, आईला दम्यानं धरलेलं. शेजारी मशीन चालवणारा महबूबभाई उभा होता. ओठ न हलवता म्हणाला, "दस्तखत नक्को करो, बाई."

मी पेनाचं टोपण लावलं.

"सही करणार नाही. चूक कुणाची, ते काल मशीननं छापलंय."

साहेबांनी फायलीतून तो कालचा कागद काढला आणि सर्वांसमोर फाडला. चार तुकडे. "कुठं छापलंय?"

मी चपला घातल्या आणि निघाले.

आईला सांगितलं. ती चिडली. "सई केली असतीस तर हात झिजला असता व्हय गं? आता खायचं काय?"

"आई, तपासायच्या आधी दोरा तोड म्हणून मुकादमानं सांगितलं असतं, तर तोडला असतास?"

 त्या दिवशी आई जेवली नाही.

मला कुणी परत बोलावलं नाही. मशीनजवळ मी पुन्हा कधी गेले नाही. शाळेत गणित शिकवलं. माझ्या कंपायलरचं पुढं काय झालं, माहीत नाही. पण दुसऱ्याच्या चुकीखाली माझं नाव नाही, हे मी तेव्हा ठरवलं आणि पाळलं. त्यापायी आणखी दोन नोकऱ्या गेल्या. पुन्हा गेल्या असत्या, तरी हेच केलं असतं. तुमच्यापुढेही असा कागद येईल. आधी वाचा. खोटा असेल, तर पेन बंद करा. मग काय जातं, ते जाऊ द्या.

आमचा छापील कागद दुहेरी असायचा, मध्ये कार्बन. साहेबांनी वरचा फाडला. खालचा महबूबभाईनं आठ दिवसांनी घरी आणून दिला. तो माझ्या कपाटात आहे. अक्षरं निळसर, पुसट झाली आहेत. ती ओळ अजून वाचता येते.