घासून काढलेला आकडा

धारणीच्या शाळेत मी सात वर्षांपासून गणित शिकवते. घर अमरावतीला. सोमवारी सकाळी निघायचं, आठवडाभर धारणीला भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपली की परत. नवरा नोकरीनिमित्त नागपूरला, त्यामुळे गाडीचं सगळं माझ्याच अंगावर. सोबत शाळेतल्याच दोघी असायच्या. एक माझ्याहून बऱ्याच मोठ्या, त्यांना सगळी शाळा मोठ्या मॅडम म्हणते. दुसरी गेल्या वर्षी लागलेली, मूळ वलगावची, घरी फुलांची शेती. तिच्या डब्याच्या पिशवीला बाराही महिने शेवंतीचा वास येतो.

गेल्या मार्चमध्ये गाडीचे ब्रेक किरकिरायला लागले. आधी फक्त सिग्नलला, मग दर वेळी. मी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. नेहमीचा म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या मोटारसायकलपासूनचा. मला वहिनी म्हणायचा. सासरे गेले तेव्हा मयतीला आला होता, आणि त्या दिवशी पाहुण्यांना आणायला-सोडायला स्वतःची गाडी फिरवली होती. असल्या माणसाला आपण काही विचारत नाही.

त्याने पुढचं चाक उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. पॅड झिजून पत्र्याला लागले होते, ते मलाही दिसलं. मग त्याने आतल्या लोखंडी चकतीकडे, म्हणजे डिस्ककडे बोट दाखवलं. पॅड जिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडी थांबवतात, ती चकती.

"पॅड तर गेलेच, वहिनी. डिस्क बी गेल्या. ह्या रेषा पाहा."

रेषा होत्या. मी मान हलवली. हात लावून पाहिला नाही, किती जाडी राहिली हे विचारलं नाही. वर्गात एखाद्या पोराने न मोजता उत्तर लिहिलं की मी त्याची वही परत करते. इथे मी दोन डिस्क आणि चार पॅडना नुसत्या मान हलवण्यावर होकार दिला. जुन्या डिस्क भंगारात टाकतो म्हणाला, मी बरं म्हटलं.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर चाकाच्या फटीतून डिस्क चंदेरी चमकत होत्या. त्याने चहा मागवला. निघताना दार लावून देत म्हणाला, "आता डोये झाकून घाट उतरा."

हे वाक्य मला आजही तोंडात खडा आल्यासारखं आठवतं.

तीन आठवड्यांत स्टिअरिंग थरथरायला लागलं, तेही फक्त ब्रेक दाबला की. मी फोन केला. नवीन पॅड बसायला वेळ लागतो, त्याने समजावलं, चालवत राहा. मी चालवत राहिले. मागच्या सीटवर दोघी बसलेल्या आणि मी चालवत राहिले, हे लिहिताना मला माझाच राग येतो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी दुपारी आम्ही घाट उतरत होतो. ऊन चांगलंच तापलेलं, पुढे बांबूंनी भरलेला ट्रक. वळणावळणावर ब्रेक लागत होता. आधी वास आला, जळक्या फेविकॉलसारखा उग्र. मोठ्या मॅडम म्हणाल्या, जंगलात कोणी काही पेटवलं वाटतं. पुढच्या वळणावर मी ब्रेक दाबला आणि पायाखाली काही लागलंच नाही. पेडल मऊ होऊन तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. डाव्या हाताला डोंगर होता, हे आमचं नशीब. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक ओढत ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत घातली. डाव्या बाजूचा पत्रा दगडावर घासत गेला आणि गाडी थांबली. ट्रक पुढच्या वळणाआड निघून गेला. त्याला काही कळलंही नसेल.

मोठ्या मॅडमना ओकारी झाली. मांडीवर वार्षिक परीक्षेचे पेपर होते, त्यांच्यावरच. वलगावची पोरगी दार उघडून उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. ती परत गाडीत बसायला तयार होईना. मी ओले पेपर एकेक करून सुटे केले, पाण्याने पुसले, गाडीच्या टपावर वाळत घातले. तास-दीड तासाने धारणीकडून आलेल्या एका जीपवाल्याने दोर बांधून, जपत जपत आम्हाला परतवाड्याला आणून सोडलं.

परतवाड्याचा मिस्त्री अनोळखी होता. त्याने चाक उतरवलं, डिस्क गार होऊ दिली, खोलून हातात घेतली आणि उजेडात तिरपी धरली. तिच्यावर निळे-जांभळे डाग पडले होते.

"हे नवीन नाय, बाई," तो म्हणाला. "जुनी कापून पतली केली, वरतून रंग मारला."

मी त्याला सांगितलं की महिन्याभरापूर्वीच नवीन टाकली आहे. त्यावर त्याने वाद घातला नाही. डिस्कच्या मधल्या भागावर, कडेला, एक बोटभर जागा दाखवली. तिथे कमीत कमी किती जाडी चालते तो आकडा कंपनीने ठोकलेला असतो. आमच्या डिस्कवर त्या जागी घासल्याच्या खुणा होत्या आणि त्यावर चंदेरी रंग. पातळ लोखंड लवकर तापतं, त्याने समजावलं, त्याच्या उष्णतेने ब्रेकचं तेल उकळतं, मग पेडल रिकामं जातं. दुसरी डिस्कही तशीच निघाली.

आकडा घासून काढलेला पाहिला तेव्हा मला किळस आली. चोरी मला समजते. पण कोणीतरी बसून, हातात मशीन धरून, हा आकडा पुढच्या माणसाला दिसू नये एवढी काळजी घेतली होती.

सोमवारी मी रजा टाकली. परतवाड्याहून सोबत आणलेल्या दोन्ही डिस्क पोत्याच्या पिशवीत घालून अमरावतीच्या आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजात गेले आणि त्याच्या टेबलावर ठेवल्या. तो दचकला नाही. पिशवीत डोकावला, खुर्ची पुढे सरकवली, आधी तब्येतीचं विचारलं. मग म्हणाला की माल अकोल्याहून येतो, त्यालाच फसवलं. मी अकोल्यातल्या कोणत्या दुकानातून ते विचारलं. त्याने पत्ता लगेच दिला. बाईमाणूस दोन लोखंडी चकत्या घेऊन अकोल्याला कशाला जाईल, असं त्याला वाटलं असणार. चहा आला होता. तो मी प्यायले. का प्यायले ते मला आजही सांगता येत नाही, सवय असते. बाहेर येऊन मी नळावर चूळ भरली.

तिथूनच अकोल्याची एसटी धरली.

दुकान औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्याला होतं. मालक जेवायला गेलेला. मागे टिनाच्या शेडमध्ये लोखंड फिरवून कापायचा लेथ चालू होता आणि त्यावर साठीचा एक कारागीर काम करत होता. मूळचा तेल्हाऱ्याकडचा, हे त्याने नंतर सांगितलं. एका भिंतीला गंजक्या डिस्कचा ढीग, दुसऱ्या भिंतीला रंगवून वाळत टांगलेल्या डिस्क, आणि खाली नवे कोरे खोके. मी पिशवी उघडली. त्याने एक डिस्क उचलली आणि अंगठा फिरवला.

"हे मीच कापलेली हाय," तो म्हणाला.

मी विचारलं, कशावरून. काप घेण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, आपली ओळखू येते, असं तो म्हणाला. त्यात अभिमान नव्हता आणि शरमही नव्हती. मग मला बसायला तेलाचा रिकामा डबा दिला आणि मी न विचारता शिकवायला लागला. खिशातून जाडी मोजायचं व्हर्नियर काढलं. जाडी एका जागी मोजून चालत नाही, चार-पाच जागी मोजायची. फरक निघाला तर स्टिअरिंग थरथरतं. रेषांवर नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर डिस्कला हात लावायची गरज नाही, नुसते पॅड बदलायचे. अडकलं आणि जाडी शिल्लक असली तर हलका काप घ्यायचा. काप घेऊन आकड्याच्या खाली जात असेल, भेग असेल, तर फेकायची. त्याने माझी डिस्क मोजून दाखवली. मोटारीच्या पुढच्या चाकाला ती कुठल्याच हिशोबात बसत नव्हती.

"हे सारं तुमाले ठाऊक हाय, मंग काहून कापता?" माझ्या तोंडून घरची बोली निघाली.

त्याने लेथवरचा कीस झटकला. मालक कापायला सांगतो, म्हणाला. डिस्क कुठून येतात, मी विचारलं. त्याने गंजक्या ढिगाकडे मान केली. गॅरेजवाले आणून देतात, आणि तयार झाल्या की तेच नेतात. मी माझ्या मिस्त्रीचं नाव घेतलं. तो दर महिन्याला स्वतः येतो, मागच्या खेपेला दोन पोती घेऊन आला होता.

"मंग माह्या जुन्या डिस्क? त्या खरंच गेल्या होत्या?"

"ते आता कोन सांगन, मॅडम? नख तर कोनी फिरवून पाहिलं नसन. अर्ध्याच्या वर चांगल्या येतात इथं."

म्हणजे माझ्या चांगल्या डिस्क बहुधा त्या भिंतीशी होत्या, किंवा कापून, रंगवून दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागल्या होत्या. मी ढिगाजवळ गेले नाही. त्या शेडमध्ये तेलाचा आणि रंगाचा वास होता.

मी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि आत्ता बोलला ते लिहून द्यायला सांगितलं. नाही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने हात पुसले आणि वळणदार अक्षरात लिहिलं: डिस्क जुनी, आपण कापली, जाडी अमुक, आकडा आपण घासला. खाली सही केली. घाटात काय झालं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. मी बाहेर पडेपर्यंत त्याने लेथ पुन्हा सुरू केला होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गिऱ्हाइकं असताना मी तो कागद मोठ्याने वाचला. मिस्त्री ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमी घरच्या होऊन बदनामी करून राहिल्या."

मी म्हटलं, "मी घरची म्हणूनच तुम्ही मला डोळे झाकून उतरायला सांगितलं."

बाकावर बसलेल्या एका गृहस्थाने विचारलं, मॅडम, तुमचं झालं का, माझी गाडी कधीची उभी आहे. एक जण मात्र उठला, मिस्त्रीच्या टेबलावरून आपली किल्ली उचलली आणि गेला. बाकी कोणी हललं नाही. ग्राहक मंचाकडे मी तक्रार केली, पण बिलावर नुसतं 'ब्रेक काम' लिहिलेलं होतं, आणि अकोल्याच्या मालकाने तो कारागीर आपल्याकडे कधी नव्हताच असं कळवलं. प्रकरण तिथेच अडकलं आहे. गॅरेज चालू आहे.

नव्या डिस्क मी स्वतः कंपनीच्या काउंटरवरून, आकडा वाचून आणल्या आणि परतवाड्याच्या मिस्त्रीकडून समोर उभं राहून बसवल्या. पॅड आता मी घरीच बदलते. चाक उतरवायला वेळ लागतो, बाकी काम अवघड नाही. वलगावची पोरगी येते आणि व्हर्नियर धरून आकडे मोठ्याने सांगते. तिला परत गाडीत बसायला दोन महिने लागले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मोठ्या मॅडमनी गाडीत बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या यजमानांच्या गाडीचे ब्रेक नवीन केले. कुठे, तर अमरावतीच्या त्याच मिस्त्रीकडे. जुनी ओळख आहे, म्हणाल्या, आणि आपल्याला तसं करणार नाही. घाटात त्यांच्या साडीवर उडालेली ओकारी मी माझ्या रुमालाने पुसली होती. परतवाड्याच्या स्टँडवर मी गाडी थांबवली आणि पुढच्या सोमवारपासून तुम्ही एसटीने या, एवढं सांगितलं.

त्या एसटीने येतात. मधल्या सुट्टीत आता आम्ही वेगवेगळ्या बाकांवर जेवतो.