पुढची चाकं

आमच्या कचेरीच्या जीपला पुढच्या चाकांनाही जोर देण्याची सोय होती. खाली उतरून दोन्ही चाकांवरचे खटके फिरवायचे, आत येऊन छोटा दांडा ओढायचा, की चारही चाकं चिखल कापत निघतात म्हणे. आमच्या ड्रायव्हरने ते कधी करून दाखवलं नाही.

समुद्रपूरकडच्या काळ्या मातीत जीप पावसाळाभर फसायची. मग तो विडी पेटवून समोर बघत म्हणायचा, "उतरा साहेब, धक्का मारा."

"अहो, ते खटके लावा ना."

"ते अडचणीसाठी हाये."

"मग ही काय आहे?"

"हा त चिखल हाये."

कपाशीच्या पाहणीला मी गुडघ्यापर्यंत माखून पोचायचो. तो मात्र कोरडा. मोठ्या साहेबांकडे तक्रार केली, तर तेही नुकतेच धक्का मारून आलेले.

एकदा नाल्यात एक बैलबंडी फसलेली दिसली. एक बैल गुडघ्यांवर बसला होता आणि जू त्याच्या मानेत रुतत होतं. आमचा ड्रायव्हर तडक चिखलात उतरला. बैल सोडवले, खटके फिरवले, दोर बांधला आणि जीपने बंडी एका दमात वर ओढली. बैलाच्या मानेवरून हात फिरवला. मग वाकून दोन्ही खटके पुन्हा होते तसे करून ठेवले.

पुढच्याच वळणावर आम्ही फसलो.

"आता तरी लावा," मी म्हणालो.

त्याने विडी पेटवली. "काऊन? तुमच्या मानेवर जू हाये का?"

मी उतरलो.